डाव्या हातावरचा प्रमोद

माझ्या डाव्या हातावर, आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर 'प्रमोद' असं लिहिलेलं आहे. प्रमोद माझा नवरा होता. आता नाही. कोर्टात सही झाली, वकिलांनी हात जोडले, मी बाहेर येऊन उसाचा रस घेतला आणि ग्लास तोंडाला लावताना बघते तर हा तिथंच. आयुष्यातून गेला, कागदावरून गेला, फोनमधून मीच काढून टाकला. हातावरून मात्र जायला तयार नाही.

खरं सांगायचं तर मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. साखरपुडा झाल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही दोघं जवळा बाजारच्या आठवडी बाजारात गेलो होतो. प्रमोदचं गाव तेच, मोबाईल दुरुस्तीचं दुकानही तिथंच. बाजाराच्या टोकाला एक गोंदणारा बॅटरीवरची मशीन घेऊन पोत्यावर बसतो. पोरं त्याच्याकडून आईचं नाव काढून घेतात आणि लग्न ठरलेल्या पोरी होणाऱ्या नवऱ्याचं. लग्नाआधीच. आमच्याकडं आता तशी रीतच पडली आहे, न काढणारीकडे लोक संशयाने बघतात. प्रमोद म्हणाला, "आधी तू काढ, मंग मी तुझं काढतो." मी हसत हात पुढं केला. दुखत होतं तरी मूर्खासारखी हसतच होते. माझं झाल्यावर तो म्हणाला, "मशीन लई गरम झाली, माझं पुढच्या बाजारी." तो पुढचा बाजार अडीच वर्षांत आला नाही.

त्या अडीच वर्षांत तो दुकानात जाताना बाहेरून कडी लावून जायचा. माझा फोन त्याच्याच खिशात. मी माहेरचं नाव काढलं की माझाच हात धरून माझ्या डोळ्यांसमोर आणायचा आणि म्हणायचा, "हे वाच. वाचता येतंय ना?" मी बी.ए. झालेली बाई. मला वाचता येत होतं.

मग मी वसमतला माहेरी आले. माहेर म्हणजे दोन खोल्या. बाबा हळदीच्या बाजारात हमाली करतात, आई हंगामात हळद शिजवायला जाते. दोघांनी मला एका शब्दाने दुखवलं नाही, पण गल्लीला तेवढी दया नव्हती. कोपऱ्यावरच्या बायका माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडं कमी आणि हाताकडं जास्त बघायच्या. मी भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कुडते शिवून घेतले.

सुटायची एकच वाट मला दिसत होती, ती म्हणजे केंद्रीय पोलीस दलाची भरती. रोज पहाटे मैदानावर धावायचं. अमृतराव सर नावाचे एक निवृत्त जवान आम्हा पंधरा-वीस पोरींकडून तयारी करून घ्यायचे. लेखी निघाली, धावणंही वेळेत बसलं. फक्त मेडिकल राहिलं होतं, एका महिन्यावर. मैदानावर पोरींमध्ये काहीबाही बोललं जायचं. एक म्हणायची, टॅटू दिसला की बाद करतात. दुसरी म्हणायची, डाव्या हाताला चालतो. सरांना विचारायची माझी हिंमत झाली नाही, कारण विचारलं असतं तर बाही वर करावी लागली असती. मी आपल्या अकलेने ठरवलं की अडचण नावाचीच असणार. नावाला अर्थ असतो, कुणी प्रश्न विचारतं. ज्या नक्षीला काही अर्थच नाही तिला कोण कशाला हरकत घेईल?

शिवाय मला त्या नव्या जगात प्रमोदला घेऊन जायचं नव्हतं. ते खरं कारण होतं.

हिंगोलीत एसटी स्टँडपासून जवळच, चष्म्याच्या दुकानावर, निलमताईची टॅटूची खोली आहे. खाली पाटीवर मेंदी मोठ्या अक्षरात आणि टॅटू बारीक अक्षरात. ताई चाळिशीची, जाड भिंगाचा चष्मा, बोलायला फटकळ. भिंतीवर त्रिशूळ, पंख, वाघाचं तोंड, आईबाबा, आणि एका पोराच्या खांद्यावर काढलेला अख्खा ट्रॅक्टर. मी फोनमधला एक फोटो पुढं केला. कुण्या पोरीच्या हातावर काळ्या ब्रशचे फटकारे, मध्येच सुटलेले ठिपके, एक तांबडी रेघ. "मला असं ॲबस्ट्रॅक्ट पाहिजे," मी म्हणाले.

"बाही वर कर," ती म्हणाली.

"काहून?"

"हिंगोलीत असलं कोणी मागत न्हाई. मागतंय त्याच्या खाली एखादं नाव असतंय."

मी बाही वर केली. तिने नाव वाचलं, पण तोंडाने उच्चारलं नाही. त्याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे.

माझा फोटो तिने दोन सेकंद बघितला आणि फोन परत दिला. "हे त्या पोरीच्या हाताचं हाय. तिचा हात गोरा, बारीक, ही तांबडी रेघ तिच्यावर दिसती. तुझ्या रंगावर ती चार वर्षांत विटकरी होईल. तुला काळंच घ्यावं लागंल. आता मूठ आवळ. सोड. परत आवळ."

मी मूठ आवळत-सोडत राहिले आणि ती माझ्या हातावरचं मांस कुठं वर येतं, कुठं खाली जातं ते बघत राहिली. आरशासमोर उभं केलं. हात खाली सोडलेला असताना कसा दिसतो, घडी घातल्यावर कसा दिसतो, सगळं. माझ्या हाताकडं इतकं नीट कुणी बघितलं नव्हतं. जो तो वाचून मोकळा व्हायचा.

मग तिने जाड मार्कर काढला. मला वाटलं होतं, ती नावावर काळा पट्टा ओढेल. तिने तसं केलं नाही. अक्षरांवरची जी आडवी रेघ असते तीच धरून तिने एक फटकारा कोपराकडं नेला, तिथून तो वळवला, 'द'चं पोट दुसऱ्या फटकाऱ्यात मिसळलं, आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर कातडी रिकामी ठेवली. "सगळं भरून टाकलं की माणसं विचारतात, खाली काय झाकलंय," ती म्हणाली. "मोकळी जागा ठेवली की झाकलंय असं वाटतच न्हाई. बारीक रेघा घालणार न्हाई, वयाबरोबर पसरतात. पाच पावलं मागं हो आणि आरशात बघ."

मी मागं झाले. पाच पावलांवर प्रमोद नव्हता. नुसता माझा हात होता आणि त्यावरून काहीतरी निघून चाललं होतं. मला रडू आलं.

"ह्याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"तो शोधू नको. ज्यांना अर्थ पाहिजे त्यांनी त्रिशूळ काढावा, नाव काढावं. अर्थ उद्या बदलला तर काय करशील? तुझा बदलला ना?" मग तिने मार्कर माझ्या हातात दिला. "आज मशीन लावणार न्हाई. आठ दिवस हे पेनाचं राहू दे. रोज अंघोळीनंतर पुसट होईल, तू स्वतः गिरव. आठव्या दिवशी गिरवायचा कंटाळा आला तर हे डिझाइन तुझं न्हाई, दुसरं काढू. न्हाई आला तर ये."

"ताई, मेडिकल जवळ आलंय. जखम भरायला वेळ पाहिजे."

"तीन आठवड्यात भरतंय. मागच्या वेळी घाई केली होतीस ना? आता आठ दिवस कळ काढ."

ते आठ दिवस मी माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस म्हणून सांगेन. बाह्या दुमडून गल्लीतून फिरले. आईने पहिल्याच दिवशी हात धरून बघितलं आणि म्हणाली, "हळदीच्या कुकरची वाफ हाय ही." बाबांना ती पुराने वाहून नेलेली पायवाट वाटली. आईबरोबर हळदीच्या कामाला येणाऱ्या तांड्यावरच्या रूपाबाईने काहीच विचारलं नाही. तिने आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवला. कोपरापासून मनगटापर्यंत ठिपके आणि आडव्या-उभ्या रेघा, हिरव्या पडलेल्या. "हे काय हाय?" मीच विचारलं. "मला काय म्हाईत?" ती म्हणाली. "मायनं काढलं. मला कुनी विचारलं न्हाई." आणि आम्ही दोघी हसलो.

गिरवायचा कंटाळा मला एकही दिवस आला नाही. सकाळी अंघोळ करून उंबऱ्यात बसायचं, हात मांडीवर ठेवायचा आणि रेघेवर रेघ ओढायची. तिसऱ्या दिवसापासून मला बघावंही लागेना. हाताला वळणं पाठ झाली.

पाचव्या दिवशी काका आले. त्यांनी एक स्थळ आणलं होतं, परभणीकडचं, बायको वारलेला माणूस. त्यांनी माझा हात बघितला आणि खूष झाले. "हे बरं केलंस पोरी. त्यांची आई म्हनूनच राहिली होती, नाव झाकून घ्या, मंग बघायला येतो. हे पक्कं करून घे लौकर." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी माझ्यासाठी काढत होते आणि ह्यांना त्यात दुसऱ्यासाठी केलेली जागा दिसत होती. मी म्हणाले, "काका, हे झाकल्यावर मी नोकरीला चालले, बघायला कोणी येऊ नका." काका आईकडं बघून म्हणाले, "नोकरी लागंल तवा लागंल."

आठव्या दिवशी पहाटे मैदानावर होते. धावून झाल्यावर घाम आला म्हणून नकळत बाही वर केली. हिंगोलीची पहिली गाडी पकडून निलमताईकडं जायचं होतं, तेच डोक्यात होतं.

"दीक्षा! हे काय करून राहिली तू?" अमृतराव सर ओरडले. सगळ्या पोरी थांबल्या.

"पेनाचं हाय सर. आज पक्कं करून घेणार."

त्यांनी मला बाजूला नेलं, खिशातून चष्मा काढला आणि हात फिरवून फिरवून बघितला. मार्करखालचं नाव त्यांना दिसलंच. "प्रमोद कोण?"

मी सांगितलं. मग त्यांनी फोनवर भरतीची जाहिरात उघडली, बोटाने वर-खाली करून एक परिच्छेद काढला आणि माझ्या हातात दिला. मी वाचला. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला टॅटू चालतो. धार्मिक चिन्ह चालतं. नाव चालतं. आकार त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा कमी पाहिजे.

मी पुन्हा वाचलं. ज्याला अर्थ नाही ते चालतं असं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"हे तुझं जे काय हाय ते अर्ध्या हातावर हाय," सर म्हणाले. "आन् ते देव बी न्हाई, नाव बी न्हाई. डाक्टरला काय सांगशील, काय हाय म्हणून? बाद करतील पोरी. दोन वर्षांची मेहनत वाया जाईल."

"आणि प्रमोद?"

"प्रमोद चालतोय. आकार बराबर हाय, जागा बराबर हाय."

"लेझर केलं तर?"

"आठ-दहा बैठका लागतात. तुझ्याकडं तीन आठवडे हाईत. आन् कातडी लाल दिसली की अजून दहा प्रश्न."

मी तिथंच मातीत बसले. सरांना दया आली असावी, कारण ते माझ्याशेजारी बसले आणि मला बरं वाटावं म्हणून बोलायला लागले. "नाव असावं बाई अंगावर. माझ्या कंपनीत एक जवान होता. गाडीखाली सुरुंग फुटला. तोंड ओळखू येईना. हातावर आईचं नाव होतं, त्याच्यावरून ओळखला. घरी बराबर पोचला." मला बरं वाटलं नाही, पण त्यांचा हेतू चांगला होता.

घरी येऊन मी नळावर बसले. नाव झाकलं तर काकांचं स्थळ, परभणीकडचं अनोळखी घर, आणि तिथं कडी आतून असेल की बाहेरून ते देवालाच ठाऊक. झाकलं नाही तर नोकरी, पण प्रमोदसकट. घासणी घेतली, साबण लावला आणि हात घासायला सुरुवात केली. वाफ गेली, पायवाट गेली. मार्कर चिवट होता, अक्षरं मात्र त्याहून चिवट. हात लाल झाला तेव्हा आई आली, माझ्या हातातून घासणी काढून घेतली आणि म्हणाली, "बास माय, कातडं निघंल." आठ दिवस झाकलेला प्रमोद उलट जास्तच ठसठशीत दिसत होता.

निलमताईला मी फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कमाल हाय. म्हंजे ज्यानं कोंडलं त्याचं नाव चालतंय आन् तुझा स्वतःचा हात चालत न्हाई." मग म्हणाली, "जा तू. त्याच्या नावावर बाहेर पड. निघ तर खरी."

मीही मनाला तेच समजावलं. भरती होऊ दे, ट्रेनिंग होऊ दे, एकदा पाय रोवला की बघू. तोवर हे नुसतं शाईचं नाव. मी पाच पावलं मागं होऊन आरशात बघायची सवय लावून घेतली, पण आता पाचच काय, दहा पावलांवरूनही ते वाचता यायचं.

मेडिकलच्या दिवशी आम्ही चाळीस पोरी एका लांब खोलीत रांगेत उभ्या होतो. तपासणारी बाई डॉक्टर हिंदी बोलणारी, थकलेली. उंची, वजन, डोळे, दात, गुडघे. माझं सगळं ठीक निघालं. मग तिने हात बघितले. डावा हात उलटा केला, टेपने अक्षरं मोजली, खूण केली.

"ये प्रमोद कौन है?"

"पती था, मॅडम."

तिने माझा अर्ज बघितला. तिथं घटस्फोटित लिहिलेलं होतं. "तो अब तक रखा क्यूँ?"

मला इतका राग आला की कानशिलं तापली. तुमच्यासाठीच ठेवलंय मॅडम, तुमच्या परिच्छेदासाठी, असं अगदी ओठांवर आलं. मी म्हणाले, "ऐसेच." ती हसली. तिला वाटलं असणार, अजून जीव आहे हिचा त्याच्यावर.

"फिट," ती म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी खरंच आनंदाने हात जोडले. मग तिने कागद उलटला. खाली एक ओळ होती. ओळखीच्या खुणा, दोन.

"ठोडी पे तिल," माझ्या हनुवटीवरचा तीळ स्वतःच बघून तिने लिहिलं. "और दूसरा..." तिने माझा हात परत धरला.

"मॅडम, घुटने पे निशान है. बचपन में गिरी थी." मी घाईघाईने सलवार वर केली.

तिने वाकून बघितलं. "वो तो फीका है. ये साफ़ है." आणि तिने लिहायला सुरुवात केली. मी उलट्या बाजूने वाचत होते. डाव्या हातावर गोंदलेलं, प्रमोद.

"मॅडम, ये बाद में निकाल सकते ना?"

"अब कैसे निकालोगी? रेकॉर्ड में चढ़ गया. हर काग़ज़ में यही मिलाएँगे." तिने पेन माझ्याकडं सरकवलं. मागं चौदा पोरी उभ्या होत्या. समोर नोकरी होती. मी सही केली. पाच वर्षांपूर्वी पोत्यावर बसून जसा हात पुढं केला होता तसाच केला. एवढंच की या वेळी हसले नाही.

बाहेर येऊन आधी बाबांना फोन लावला. ते हळदीच्या पोत्यांमध्येच उभे होते, मागून हमालांचा गलका ऐकू येत होता. "माझी दीक्षा पास झाली रे!" ते ओरडून सगळ्यांना सांगत होते आणि मी फाटकाबाहेर लिंबाखाली उभी राहून ऐकत होते. मग निलमताईला फोन लावला.

"ताई, ते डिझाइन आता दुसऱ्या कुणाला द्या."

"तुझ्या हाताचं हाय ते. दुसऱ्याला कसं बसंल?"

"माझ्या हाताला आता प्रमोदच बसलाय. सरकारी कागदावर." मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रिटायर झाल्यावर ये. तवर जपून ठेवते." तेव्हा ताई ऐंशीची असेल. आम्ही दोघींनी ते मोजलं नाही.

आता ट्रेनिंगला जायची तारीख आली आहे. ट्रंकेत मी तो मार्कर ठेवला आहे, वापरता येणार नाही हे माहीत असून. वळणं अजून पाठ आहेत, कधी कधी बसल्या बसल्या बोट आपोआप हातावरून फिरतं. आईला वाटतं, खाज सुटली आहे.

मी सुटले, असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणते. पण अमृतराव सरांचा तो जवान माझ्या डोक्यातून जात नाही. उद्या मला कुठं काही झालं, तोंड ओळखू आलं नाही, तर कुणीतरी परका माणूस माझा डावा हात धरून उलटा करील, कागदाशी ताडून बघील आणि म्हणेल, बरोबर, हीच ती. त्याला वाचता येत असेल.